उस्मानाबादी बोकड बदलायचाय, पण कुठून आणि कशानं?

बाभूळवन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण सांगायला जरा लांबण लागेल.

गाव कळंब तालुक्यात. मी पुण्यात नोकरीला, शेळ्या आई बघते. बारा शेळ्या, एक बोकड, करडं वेगळी. सगळी उस्मानाबादी. (जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, शेळी अजून उस्मानाबादीच आहे.) दिवाळीत घरी गेलो तेव्हा तीन शेळ्या नुकत्याच व्याल्या होत्या. सहा करडं. दोन पहिल्याच रात्री गेली. तिसऱ्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा बोटभर आखूड. सड तोंडात धरता येईना, ओढायला गेलं की दूध ओठाच्या कडेनं गळायचं. आईनं चार दिवस वाटी-चमच्यानं पाजलं. आठव्या दिवशी तेही गेलं. आई म्हणाली थंडी बाधली. थंडीनं करडं मरतात हे खरं, पण थंडीनं जबडा आखूड होत नाही.

मग दोघं ओसरीवर बसून वंशावळ काढली. आईला वही लागत नाही, सगळं तोंडपाठ. बोकड 'राजा' आमच्याच चांदी नावाच्या शेळीचा. चांदीचा बाप आमचाच आधीचा बोकड. ज्या तीन व्याल्या, त्यातल्या दोन राजाच्याच लेकी आणि तिसरी त्याची सावत्र बहीण. आमच्याकडं याला 'रक्त एक झालं' म्हणतात. म्हणतात सगळे, बोकड मात्र कुणी बदलत नाही.

तर आता बदलायचाय. गावात जो तो सांगतोय की बोअर (मांसासाठीची परदेशी जात) बोकड आण. काय करावं?

झणझणीत_रस्सा

बोअर आण भावा, डोळे झाकून. आमच्याकडं बोअर-गावरान संकराचं करडू सहा महिन्यांत गावरानच्या दीडपट दिसतं. 'देशी वाण वाचवा' हे शहरात बसून म्हणायला सोपं. ज्याच्या घरी पोराची फी भरायचीय तो वजन बघणार की वाण?

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर

बाभूळवन, आधी जबड्याचं. असा जबडा दिसला की संशय जवळच्या नात्यातल्या लागवणीवरच (शेळी-बोकडाच्या जोडणीवरच) जातो. दुसरी कारणंही असतात, पण तुमची वंशावळ वाचल्यावर ती शोधत बसायची गरज वाटत नाही. बाप-लेकीच्या करडात दर चार जनुकजोड्यांमागे एक जोडी सरासरी एकाच पूर्वजाची दुहेरी नक्कल असते. म्हणजे २५ टक्के. सावत्र बहीण-भावांत साडेबारा. प्रत्येक जनावर दोन-चार वाईट जनुकं झाकून फिरत असतं, आपणही फिरतो. जोडीदार परका असला की ती झाकलेली राहतात. घरातलाच असला की उघडी पडतात.

आता एक हिशेब. पैदाशीच्या दृष्टीनं कळप खरा केवढा, हे डोकी मोजून कळत नाही. चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले नर अधिक माद्या. तुमच्याकडं १ बोकड, १२ शेळ्या. ४८ भागिले १३, म्हणजे ३.७. गोठ्यात तेरा जनावरं आहेत, पण आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात ती चारही भरत नाहीत. शिवाय बाराही शेळ्या एकमेकींना परक्या आहेत असं धरून हा आकडा. तुमच्या त्या मावश्या-भाच्या-बहिणी आहेत, म्हणजे खरा आकडा याहून खाली.

सरकारी योजनांत 'दहा शेळ्या अधिक एक बोकड' असा गट वाटला जातो तो सगळ्यांना माहीत आहे. त्याचा आकडा ३.६ येतो. पहिल्या वर्षी काही बिघडत नाही. शेळी पाच महिने गाभण, पाठ (म्हणजे मादी करडू) आठ-दहा महिन्यांची झाली की माजावर येते. म्हणजे बोकड आणल्यापासून सव्वा वर्षाच्या आत त्याची पहिली लेक त्याच्यासमोर उभी राहते. त्याआधी बोकड हलला पाहिजे. हे त्या गटासोबत कुणी सांगत नाही. मी नोकरीत असताना मीही फार जणांना सांगितलं नाही, ते कबूल करतो.

गावात एकूण शेळ्या किती आणि पैदाशीचे बोकड किती, सांगाल का?

बाभूळवन

आईला फोन लावून विचारलं. नऊ घरं, मिळून शंभर-एकशेदहा शेळ्या. पैदाशीचे बोकड तीन. त्यातला एक आमचा राजा, दुसरा राजाचा मुलगा. हे मला आज कळलं.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर

११० शेळ्या, ३ बोकड : १,३२० भागिले ११३, पावणेबारा. बाप-लेक सोडून द्या. याच ११० शेळ्यांना वेगवेगळ्या घरचे १० बोकड असते तर तो आकडा साडेछत्तीस झाला असता. एकही शेळी न वाढवता. जागतिक अन्न आणि कृषी संघटना किमान ५० चा आकडा धरते. शेजारचं एक गाव जोडलं की तिथं पोचता येतं.

गुणसूत्र६०

मी पशुआनुवंशिकीत काम करतो. (शेळीत ६० गुणसूत्रं, मेंढीत ५४, म्हणून हे नाव.) डॉक्टरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. त्यात थोडी भर.

२०१९ च्या पशुगणनेत भारतात १४.८८ कोटी शेळ्या आहेत आणि महाराष्ट्रात एक कोटी सहा लाखांच्या आसपास. आकडा बघून वाटतं, शेळीला कसला धोका? पण विविधता डोक्यांत नसते, फरकांत असते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडं शेळीच्या तीसहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. लडाखची पश्मिना देणारी चांगथांगी, केरळची अट्टापाडी ब्लॅक, चंबळच्या घळींतली जमनापारी, बुटकी पण हमखास जुळं-तिळं देणारी ब्लॅक बंगाल. आपल्या चार : उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ.

डीएनए बघितला तर मजेशीर गोष्ट दिसते. एकूण फरकातला बहुतांश फरक दोन जातींच्या मध्ये नसतो, एकाच जातीच्या पोटात असतो. कारण शेळी माणसाबरोबर चालत आली. इराणच्या झाग्रोस डोंगरांत सुमारे १०,००० वर्षांपूर्वी ती माणसाळली आणि तेव्हापासून लमाणाबरोबर, धनगराबरोबर, हुंड्यात, बाजारात, जहाजात फिरतेच आहे. आईकडून येणारा डीएनए तपासला तर जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त शेळ्या एकाच मातृकुळात बसतात. त्यामुळं उस्मानाबादी कुठं संपते आणि संगमनेरी कुठं सुरू होते, ही रेघ कागदावर आहे तेवढी ठळक रक्तात नाही.

म्हणजे नुकसान कुठं होतंय बघा. 'जात नामशेष झाली' अशी बातमी कधी येणार नाही. जातीचं नाव राहील, रंग राहील, आणि आतला फरक गोठ्यागोठ्यातून गळून जाईल.

झणझणीत_रस्सा

साहेब, फरक गळून गेला तर शेतकऱ्याचं नेमकं काय अडतं? एक उदाहरण द्या, खिशाला कळेल असं.

गुणसूत्र६०

मेंढीचं देतो, कारण ते महाराष्ट्रातच घडलंय. सुंदरबनात गारोल नावाची लहानखुरी मेंढी आहे. वजनाला काहीच नाही. बाजाराच्या हिशेबानं ती कधीच संपायला हवी होती. पण तिच्यात जुळ्यांचा एक जनुक आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालातून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांतून तोच जनुक तिथल्या बुरूला मेरिनो मेंढीत उतरला. आणि फलटणच्या निंबकर संस्थेनं गारोलचा तो जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणला, 'नारी सुवर्णा' तयार केली. दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देणारी, तिला जुळी होऊ लागली. ती लहानखुरी मेंढी कुणी 'वजन नाही' म्हणून संपवली असती तर तो जनुक आणणार कुठून होतात?

झणझणीत_रस्सा

हे पटलं. बोअरचं अजून पटलेलं नाही.

कन्याळकार

मी सिंधुदुर्गातलो. आमच्याकडे कन्याळ शेळी आसा. (पुढचा प्रमाण मराठीत लिवतंय, नायतर कळाचा नाय.) काळी, कानांच्या कडा पांढऱ्या, नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी. पाय लांब. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं तिच्यावर काम केलं, तिची जात म्हणून नोंद झाली.

आमच्या वाडीत एकानं कर्ज काढून पंधरा सिरोही आणल्या होत्या. राजस्थानची शेळी, दिसायला देखणी, तांबूस अंगावर ठिपके. मे महिन्यात सगळी वाडी बघायला जायची. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो लागलाच. खुरांच्या बेचक्यात चिखल बसून कुजायला लागलं, मग खोकला, मग हगवण. दसऱ्याला सहा उरल्या. त्याच पावसात शेजारच्या म्हातारीच्या कन्याळ शेळ्या गडग्यावर चढून पाला ओरबाडत होत्या. सिरोहीत खोट काहीच नाही, ती अरवलीच्या कोरड्या हवेत घडलेली. तिला आमच्या पावसात उभं केलं ही आमची चूक.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या अकोल्याकडं बेरारी. नोंद व्हायच्या आधी तिले कोनी जातच म्हनत नव्हतं, 'गावरान हाय' म्हनून सोडून देत. अंग फिकं तांबडं ते गडद, पाठीच्या कण्यावरून काळी रेघ, तोंडावर शिंगाच्या बुडापासून नाकापर्यंत पट्टे. आता नोंद झाली तर नवाच ताप. पट्टा फिका असला की गिऱ्हाईक म्हनते 'ही प्युअर नाही'. अरे भाऊ, तिच्या आईनं चार वेतात आठ पिल्लं देल्ली, तुले पट्टा पायजे का पिल्लं?

गुणसूत्र६०

ठेचाभाऊ, हेच उस्मानाबादीत काळ्या रंगाचं झालंय. उस्मानाबादी बहुतेक काळी असते, पण सगळी नसते. पांढरी, तांबडी, ठिपक्यांचीही असते आणि तीही तेवढीच उस्मानाबादी. व्यापाऱ्याला काळीच हवी म्हणून लोक बाकीचे रंग आधी काढून टाकतात. रंगासोबत त्या जनावरांतलं आणखी काय काय निघून चाललंय, ते कुणी बघत नाही. 'शुद्ध जात' हा शब्द मला शेळीतही खटकतो आणि इतरत्रही. विषयांतर नको, थांबतो.

बाजारकरी

मी पंधरा वर्षं शेळ्या-बोकडांचा बाजार करतो. येवला, लोणी, चाकण, ईदच्या आधी देवनार. तुम्ही लोक बोअरला शिव्या घालताय, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, ती मी लिहितो, कारण ती आम्हीच करतो.

मी गावात जातो तेव्हा काय बघतो? सगळ्यात भरलेला, छातीचा रुंद, चमकदार बोकड. कुर्बानीला वर्षाचा पुरा लागतो, म्हणून ओठ वर करून दोन दात आलेत का बघतो. चांगला असेल तर मागेल तो भाव देतो आणि उचलतो. जे कुपोषित, पोट सुटलेलं, वाढ न झालेलं करडू असतं ते मी घेत नाही. घेतलं तर पाडून घेतो, मग मालक देत नाही. ते गावात राहतं. आठ महिन्यांनी तेच गावचा बोकड असतं.

दरवर्षी गावातला सगळ्यात चांगला बाप मी घेऊन जातो आणि सगळ्यात वाईट ठेवून येतो. पंधरा वर्षं. असे आम्ही किती जण आहोत ते मोजा.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर

बाजारकरी, सलाम. चाळीस वर्षांत कुठल्या कार्यशाळेत इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं. पैदाशीत आपण चांगला नर निवडतो म्हणतो, प्रत्यक्षात बाजार निवडतो आणि उलटा निवडतो.

झणझणीत_रस्सा, बोअरचं तुम्हाला सांगतो. बोअर वाईट नाही. दक्षिण आफ्रिकेत मांसासाठी घडवलेली शेळी, खायला घातलं तर अंग धरते. 'खायला घातलं तर' हे तीन शब्द विसरू नका. बांधावर, बोरी-बाभळीवर, उसनवारीच्या पाल्यावर ती उस्मानाबादीइतकी टिकत नाही. कुणाकडं चारा आहे, बंदिस्त गोठा आहे, त्यानं काही शेळ्यांना बोअर लावावा. फक्त त्या संकराची झाडून सगळी करडं बाजारात जाऊ द्यावीत. नर तर नकोच, पाठही पैदाशीला ठेवू नये. घोटाळा होतो तो इथंच. पहिल्या पिढीचा संकरित बोकड रुबाबदार दिसतो, मालक तो ठेवतो, गावभर फिरवतो. तीन पिढ्यांनी ना बोअर उरतो ना उस्मानाबादी, आणि मागं जायला वाट नसते.

सासुरवाशीण_बार्शी

मध्येच विचारते, रागावू नका. आमच्या एका शेळीला मागच्या वेताला करडू झालं ते ना पाठ ना बोकड. खाली बघितलं तर दोन्हीचं थोडं थोडं. सासूबाई म्हणाल्या नजर लागली. शेळी भुंडी (बिनशिंगांची) आहे, बोकडही भुंडाच होता, शांत म्हणून मुद्दाम आणलेला.

निवृत्त_गुरांचा_डॉक्टर

ताई, नजर नाही. उत्तर तुम्हीच शेवटच्या वाक्यात लिहिलंय.

शेळीत शिंगं नसणं हा प्रभावी गुण आहे, पण त्याच ठिकाणी दुसरी एक गोष्ट चिकटलेली आहे. आई-बाप दोघांकडूनही तो भुंडेपणा आला आणि करडू जनुकांनी मादी असलं, तर त्याची अंगं नराकडं झुकतात. ते व्यायचं नाही, कुणाला लागवणारही नाही. फ्रेंच संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की त्या जागी डीएनएचा एक तुकडाच गळालेला असतो. भुंडा आणि भुंडी जोडली तर सरासरी आठातलं एक करडू असं निघू शकतं. उस्मानाबादीत बोकड जवळपास सगळे शिंगाळे असतात आणि भुंड्या शेळ्या बऱ्याच, त्यामुळं एरवी निभतं. नियम एवढाच : भुंड्या शेळीला शिंगांचा बोकड. शेळी ठेवा, ती चांगली आहे.

सासुरवाशीण_बार्शी

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमची आई हेच म्हणायची, शिंगाला शिंग नको पण बोडक्याला बोडकं तर नकोच नको." मग आत्तापर्यंत का नाही बोललात, तर म्हणे कुणी विचारलं नाही.

बाभूळवन, आमच्या दिरांकडं शिंगांचा दोनदाती बोकड आहे. तांबडा, कपाळावर पांढरा टिळा. गळ्याखाली ते लोंबतं ना, तेही आहे. त्यांनाही बदलायचाच आहे, कारण तो आमच्याच शेळीचा.

वऱ्हाडी_ठेचा

गळ्याखाली लोंबते ते दोन सड, त्याच्यातून दूध येत नाही काही नाही. संस्कृतात अजागलस्तन, त्याच्यावरूनच मराठीत 'अजागळ' आला म्हनतात. आमच्या मास्तरनं मले शाळेत रोज तोच शब्द वापरला, म्हनून ध्यानात हाय.

बाभूळवन

सासुरवाशीणताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

डॉक्टर, गावात मांडून बघितलं. नऊ घरांपैकी पाच तयार झाली. ठरलं ते असं : बाजारकरींसारखे पाहुणे येण्याआधी, करडू तीन महिन्यांचं असतानाच दर घरानं आपलं सगळ्यात चांगलं नर करडू निवडायचं, कानाला खूण करायची आणि ते विकायचं नाही. बाकीची तीन महिन्यांनंतर वेगळी बांधायची नाहीतर खच्ची करून घ्यायची, कारण तेवढ्या वयात ती आईवरही चढतात. खुणेचं करडू मोठं झालं की आपल्या घरी वापरायचं नाही, दुसऱ्या घरी द्यायचं. चार घरं नाही म्हणाली. एकाचं म्हणणं, "ईदला तीस हजार येत असतील तर तुमच्या जनुकासाठी ते मी सोडू?" मला उत्तर देता आलं नाही.

बाजारकरी

उत्तर आहे. त्याला सांगा, आधी वर्षभर लागवण घ्या, मग दोन दात आल्यावर ईदला मला विका. बोकड तोच, भाव तोच. फक्त लवकर उचलू देऊ नका. पिल्लू असताना घ्यायला आलो तर मलाही हाकलून द्या.

बाभूळवन (सात महिन्यांनी)

धागा वर काढतोय.

नोव्हेंबरात बार्शीला गेलो, आई सोबत. बोकड बघण्याआधी आईनं त्याची आई बघायला मागितली. तिची कास हातात घेऊन पाहिली, दोन्ही सड मोकळे आहेत का ते पिळून बघितलं, आतापर्यंत किती वेतं, जुळी किती, एखादं मेलं का, सगळं विचारलं. मग बोकडाचा ओठ वर करून जबडे जुळतात का बघितलं. ते तिनं कधी केलेलं मी पाहिलं नव्हतं. राजा तिकडं ठेवला, टिळेवाला इकडं आणला. पैशाचा व्यवहार नाही, टेम्पोचं भाडं निम्मं निम्मं. घरी आल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "तांबडा? हा कसला उस्मानाबादी?" आई त्याला म्हणाली, "तू पण सावळाच हायस की, तुला कुणी इचारलं का?"

एप्रिल-मेमध्ये पाच शेळ्या व्याल्या. नऊ करडं. एक कुत्र्यानं नेलं, एक तिसऱ्या दिवशी गेलं, सात आहेत. जबडे सगळ्यांचे जुळतात. चार काळी, दोन तांबडी, एक कबरं. कबरं सगळ्यात आधी उड्या मारायला लागलं. यातला एकही नर आम्ही घरी पैदाशीला ठेवणार नाही, हे आईला अजून जड जातंय, कारण कबरं चांदीचं आहे.

डॉक्टरांच्या हिशेबानं टिळेवाल्याच्या लेकी संक्रांतीच्या सुमारास माजावर येतील. म्हणजे बोकड त्याआधी, मार्गशीर्षात मोकळा होईल. तांबडा, शिंगांचा, लागवणीला चांगला, स्वभाव शांत पण अनोळखी माणसाला ढुशी देतो. कळंब, केज, बार्शी, वाशी भागातल्या कुणाला अदलाबदल करायची असेल तर व्यनि करा. येताना तुमच्या बोकडाच्या आईचा, कास दिसेल असा फोटो लागेल. ही अट आईची आहे, माझी नाही.